फाशावरचा वग

रेणुकामातेचं देऊळ असलेल्या रेणापूरला गोंधळ म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. एका अंगाला तुळजापूर, दुसऱ्या अंगाला माहूर, अशा दोन पीठांच्या मधला हा मुलूख. तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई अशा गोंधळ्यांच्या दोन परंपरा आहेत आणि मराठवाड्याला दोन्ही ओळखीच्या आहेत. लग्नानंतर किंवा जावळ काढल्यावर चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्याच्या साथीनं गावोगावच्या देवांना बोलवायचं आणि रात्र चढली की आख्यान लावायचं, हा गोंधळाचा क्रम. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं. हरिश्चंद्राचं पुढं काय होणार, हे समोर बसलेलं लहान पोरही सांगेल. तरी माणसं जागी राहतात. गोंधळ्यांचा म्होरक्या, म्हणजे नाईक, आज ती गोष्ट कशी रंगवणार आणि त्याचा साथीदार मध्येच काय विचारणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. साथीदार वेड पांघरतो, भलताच प्रश्न टाकतो, समोरच्या पाहुण्यारावळ्यांना गोष्टीत ओढतो आणि नाईक त्याला तिथल्या तिथं उत्तर देत कथा पुन्हा वाटेवर आणतो.

सांगाडा ठरलेला, बोलणं न ठरलेलं. याच जोडीवर आज जगात एक नवा मंचीय प्रकार उभा राहिला आहे. टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ आणि आयत्या वेळचा विनोद यांचा तो मेळ आहे. मंचावर चार-पाच विनोदी नट बसतात. प्रत्येकाकडे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला एक कागद असतो, संहिता नसते. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" नट आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. ते काम जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. जे पडेल ते सगळ्यांनी मान्य करायचं आणि गोष्ट तिथून पुढं न्यायची. प्रेक्षक हसतात, कारण त्यांच्याइतकेच मंचावरचे नटही चकित झालेले असतात.

युद्धाच्या पटावरून मंचावर

या खेळाचं मूळ युद्धाच्या सरावात आहे. 19व्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळत. त्यात एक पंच असे आणि फासेही असत. पुढं हा प्रकार छंद म्हणून पसरला. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणानं त्यात एक बदल केला. त्यानं खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी एका काल्पनिक गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. खेळाडू आपापसांत बोलू लागले, कट रचू लागले, वेस्लीनं न योजलेल्या गोष्टी करू लागले. खेळ हाताबाहेर गेला, म्हणून तो फसला असं वेस्लीला वाटलं. खेळाडूंना मात्र तोच पुन्हा हवा होता. त्याच गटातल्या डेव्ह आर्नसननं ही कल्पना अद्भुत कथांकडे वळवली आणि गॅरी गायगॅक्सच्या जोडीनं 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. पहिली आवृत्ती फक्त 1000 प्रतींची होती. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, एवढाच त्याचा संसार.

जवळपास याच काळात आयत्या वेळच्या नाट्याचा दुसरा प्रवाह वाढत होता. शिकागोत व्हायोला स्पोलिन या शिक्षिकेनं मुलांना नाटक शिकवण्यासाठी खेळ रचले होते. त्या खेळांवर तिच्या मुलाच्या पिढीनं विनोदी नाट्य उभं केलं आणि 1959 मध्ये 'सेकंड सिटी' ही प्रसिद्ध नाट्यसंस्था सुरू झाली. स्पोलिनचं पुस्तक 1963 चं. इंग्लंडमध्ये आणि नंतर कॅनडात कीथ जॉन्स्टन यांनी याच कलेला स्पर्धेचं रूप दिलं. त्यांचं 'इम्प्रो' हे पुस्तक 1979 मध्ये आलं आणि आजही नटांना शिकवलं जातं.

हे दोन प्रवाह एकत्र यायला चाळीसेक वर्षं लागली. 2015 मध्ये 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात आवाजाची कामं करणारे नट असा खेळ खेळताना थेट प्रक्षेपणात दिसू लागले. 2016 मध्ये डॅन हार्मनच्या 'हार्मनक्वेस्ट'मध्ये विनोदी कलाकारांनी प्रेक्षकांसमोर तो खेळला आणि त्यावर नंतर अ‍ॅनिमेशन चढवलं गेलं. दर भागात एक नवा पाहुणा कलाकार असायचा आणि त्याचा गोंधळलेला चेहरा हाच अर्धा विनोद असायचा. 2018 पासून 'डायमेन्शन 20' मध्ये ब्रेनन ली मलिगन मुख्य सूत्रधार आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये 'क्रिटिकल रोल'नं लंडनचं वेम्बली अरीना गाजवलं आणि जानेवारी 2025 मध्ये 'डायमेन्शन 20' न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रंगलं. जिथं मोठमोठे गायक गातात, तिथं हजारो माणसं एका टेबलावर फासा कसा पडतो ते बघायला जमली.

फासा नेमकं काय करतो

या खेळातला मुख्य फासा वीस बाजूंचा असतो. सूत्रधार कामाच्या अवघडपणानुसार एक आकडा ठरवतो. मध्यम अवघड कामाला 15 चा आकडा धरतात. 15 किंवा त्याहून मोठा आकडा पडायला वीसपैकी सहा बाजू उपयोगाच्या, म्हणजे यशाची शक्यता 30 टक्के. पण पात्र त्या कामात तरबेज असेल, तर पडलेल्या आकड्यात त्याच्या कसबाची भर पडते. कसब 4 असेल, तर फाशावर 11 पुरतो आणि शक्यता 50 टक्क्यांवर जाते. कसबाला मान आणि नशिबालाही जागा, असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे पटावर टाकतात त्या कवड्यांचा हिशेब वेगळा. सहा कवड्या टाकल्या आणि प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर एकूण 64 प्रकारे दान पडू शकतं. त्यातल्या 20 प्रकारांत तीन उताण्या पडतात. सगळ्या उताण्या किंवा सगळ्या पालथ्या मात्र फक्त दोनच प्रकारांत, म्हणजे शंभरातून साधारण तीन वेळा. कवड्यांचं दान असं मधल्या आकड्यांभोवती घोटाळतं. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखीच संधी असते. त्यामुळं 1 किंवा 20 ही टोकं दहातून एकदा येतात. पट खेळताना मधलं दान पुष्कळ. विनोदाला मात्र टोक लागतं. सपशेल आपटी किंवा अविश्वसनीय यश, यांतच गोष्टीला कलाटणी असते.

आणखी एक युक्ती 2010 मध्ये आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळानं रूढ केली. त्यात साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज 10 किंवा जास्त आली तर पूर्ण यश, 6 किंवा कमी आली तर अपयश, आणि 7 ते 9 आली तर काम होतं, पण किंमत मोजून. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी पूर्ण यशाच्या 6, अपयशाच्या 15 आणि 'झालं, पण…' याच्याही 15. हा 'पण' नटाला सोन्यासारखा असतो. चोर पकडला, पण तो आपलाच जावई निघाला. गाडी सुटली, पण उलट्या दिशेला. पुढच्या प्रसंगाचं बी तिथंच पेरलं जातं.

हसू येतं कुठून

आयत्या वेळच्या नाट्याचा पहिला नियम स्वीकाराचा आहे. जोडीदारानं जे म्हटलं ते खरं धरायचं आणि त्यात आपली भर घालायची. "आपण विहिरीत पडलो" असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं "छे, कुठली विहीर?" असं उत्तर दिलं, की खेळ तिथंच मेला. "पडलो खरे, पण पाणी गोड आहे की!" असं म्हटलं, की तो जगला. दुसरा नियम ऐकण्याचा. पुढं आपण काय बोलायचं याची जुळवाजुळव करणाऱ्या नटाला समोरचा काय म्हणाला ते ऐकूच येत नाही.

फासा या दोन्ही नियमांना पाठबळ देतो. नटाला स्वतःचं पात्र पडलेलं सहसा आवडत नाही, प्रत्येकाला शूर आणि हुशार दिसायचं असतं. फासा त्याला चारचौघांत आपटवतो आणि त्यात त्याचा अपमान होत नाही, कारण आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेला असतो. नवखा नट त्यामुळं मोकळा होतो. सूत्रधारही पक्षपात करू शकत नाही. कुणाच्या नावावर किती टाळ्या पडतात, कोण जुना, कोण नवा, याचं फाशाला काही देणंघेणं नसतं.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. रेणापुरात देवीच्या जत्रेची आदली रात्र आहे आणि गोंधळ्याचा संबळ नाहीसा झाला आहे. तो शोधायला निघालेली चार पात्रं अशी: लातूरच्या आडत बाजारातला सोयाबीनचा आडत्या, एसटीची कंडक्टर, नीटची तयारी करणारा पोरगा आणि एक निवृत्त मास्तर. एका गोदामाला कुलूप आहे आणि दारात राखणदार बसला आहे. आडत्या म्हणतो, "थांबा, भाव मी करतो." सौदा करण्यात त्याचं कसब 4, हवा असलेला आकडा 15. फासा टाकला, 3 पडला. बेरीज 7. सूत्रधार सांगतो, "सौदा झाला. राखणदारानं तुम्हाला कुलूप विकलं, किल्ली नाही." प्रेक्षक हसतात, आडत्या डोक्याला हात लावतो. तेवढ्यात कंडक्टर पुढं होते: "कुलूप आता आपलं हाय की! मंग आज रातचं भाडं राखणदारानं द्यावं." ती तिकिटाचं यंत्र काढते आणि राखणदाराला कुलपाचं तिकीट फाडून देते.

इथं काय घडलं बघा. आडत्याची फजिती फाशानं केली. सूत्रधारानं तिला अर्थ दिला, पण दार बंद केलं नाही. कंडक्टरनं त्या अपयशाला नकार न देता ते पुढं ओढलं आणि पात्राच्या धंद्यातलीच वस्तू वापरली. चौघांपैकी कुणीही विनोद लिहून आणला नव्हता. तो जागच्या जागी तिघांच्या हातून तयार झाला.

हे कसब आपल्या घरचं

तमाशाची जुनी रीत ज्यानं बघितली आहे, त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम. जुन्या फडात वगाची लिहिलेली संहिता नसे. गाणी बांधलेली असत. फडाचा म्होरक्या, म्हणजे सरदार, कथानक थोडक्यात सांगे, कुणी राजा, कुणी प्रधान, कुणी शिपाई हे वाटून देई आणि संवाद ज्यानं त्यानं मंचावर बोलायचे. सोंगाड्याला सगळ्यांत जास्त मोकळीक. राजाच्या दरबारात तो त्याच दिवशीच्या बाजारातला भाव काढायचा, गावच्या पाटलाला टोमणा मारायचा आणि राजाला त्याच्या गादीवरून खाली आणायचा. बतावणीत तर सरदार विचारतो आणि सोंगाड्या उलटं उत्तर देतो, एवढाच मसाला असतो. 1965 मध्ये आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हीच मोकळीक शहरी रंगमंदिरात नेली. त्यांच्या तोंडून रोजच्या घडामोडी नाटकात शिरत आणि एक प्रयोग दुसऱ्यासारखा होत नसे.

पैठणच्या एकनाथांची भारुडं घ्या. पदं सोळाव्या शतकातली. पण दोन कडव्यांच्या मध्ये भारुडकार जे बोलतो ते त्याचं स्वतःचं आणि त्या गावचं असतं. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात एका पक्षानं टाकलेलं कोडं दुसऱ्यानं रात्रीच्या रात्री सोडवायचं आणि उलट कोडं घालायचं. सिंधुदुर्ग आणि गोव्यातला दशावतार तर थेट याच जातीचा. आज कोणतं आख्यान लावायचं ते प्रयोगाच्या आधी ठरतं, भूमिका वाटल्या जातात, नट रंग चढवतात आणि रात्रभर आपापले संवाद मनानं बोलतात. पूर्वरंगातला वेद चोरणारा संकासुर मालवणी बोलीत सगळ्यांना हसवतो.

मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी या कलांकडे केवळ करमणूक म्हणून पाहिलं नाही. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्य आणि लोककलावंतांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रुस्तुम अचलखांब यांनी 'तमाशा लोकरंगभूमी' या ग्रंथात तमाशाची अंगं नीट उलगडली. फडातल्या माणसाला जे अंगवळणी पडलेलं असतं, त्याला शास्त्र आहे, हे अशा कामांतून कळतं.

फरकही स्पष्ट आहे. आपल्याकडे न ठरलेली गोष्ट माणसाकडून येते. सोंगाड्या ती आणतो, साथीदार आणतो, समोरचा रसिक आणतो. टेबलावरच्या खेळात ती फाशाकडूनही येते. आपल्याकडे कथेचा शेवट बहुधा ठरलेला असतो, सत्त्व जिंकतं. फाशाच्या खेळात शेवट कुणालाच माहीत नसतो, सूत्रधारालाही नाही. आणि सर्वांत मोठा फरक शिकण्याचा. सोंगाड्या घडायला फडात वर्षं घालवावी लागतात. फाशाचा खेळ नवख्याला पहिल्याच रात्री बोलतं करतो, कारण काय करायचं ते न सुचलं तरी फासा टाकता येतो. आमच्या लोककलांना नवी माणसं मिळत नाहीत ही खंत वारंवार ऐकू येते. मला वाटतं, या खेळात त्या खंतीवर एक उपाय दडलेला आहे. पोरांना आधी आयत्या वेळी बोलण्याची गोडी लागू द्या. ती लागली, की पोरं आपणहून संबळापर्यंत आणि हलगीपर्यंत येतील.

रेणापुरात हे कसं करता येईल

यासाठी मोठं सभागृह लागत नाही. शाळेची एक खोली, महाविद्यालयाचं प्रांगण किंवा देवळाबाहेरचा मंडप पुरे. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही, तर लुडोचे दोन फासे आणि वर सांगितलेला 7 ते 9 चा नियम घ्यावा. फाशाचा आकडा मागच्या माणसालाही कळला पाहिजे, म्हणून एकानं तो मोठ्यानं पुकारावा. हलगीवाला मिळाला तर फारच चांगलं, फासा हवेत असताना कडकडाट आणि पडल्यावर थाप.

पात्रं चार पुष्कळ झाली. प्रत्येकाला एक धंदा, एक कसब आणि एक खोड द्यावी. कथा ओळखीची निवडावी. ड्रॅगन आणि किल्ले अमेरिकेच्या खेळाला शोभतात, आपल्याला जत्रा, बाजार समिती, वरात, एसटी स्टँड, ग्रामसभा शोभते. बोली आपलीच ठेवावी. "काय करायलास?", "मी तर चाललो" असं बोलणारा पोरगा प्रमाणभाषेत बोलायला लागला, की शब्द शोधत बसतो आणि उत्तराची वेळ निघून जाते. दीड तासात गोष्ट संपवावी. मध्यांतराला प्रेक्षकांकडून चिठ्ठ्या घ्याव्यात, एक वस्तू, एक नातं, एक अडचण, आणि सूत्रधारानं त्या उत्तरार्धात वापराव्यात.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळावं. आयत्या वेळच्या विनोदात तोंड सुटतं आणि सगळ्यात सोपा विनोद दुबळ्यावर होतो. जात, बाईचं शरीर, कुणाचं अपंगत्व, गावातल्या खऱ्या माणसाचं दुःख, यांवर विनोद नाही, हे खेळाआधी सगळ्यांनी मिळून ठरवावं. जगभरचे खेळाडू यासाठी 'एक्स-कार्ड' नावाची रीत पाळतात. टेबलावर फुलीचं एक कार्ड ठेवलेलं असतं. कुणीही त्याला हात लावला, की चालू प्रसंग सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही. मुलींनी मंचावर यावं असं वाटत असेल, तर ही रीत पहिल्या दिवसापासून हवी.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांत युवक महोत्सवासाठी एकांकिका, मूकनाट्य, लोककला यांची तयारी दरवर्षी चालते. त्या तालमींत आठवड्यातून एक तास फाशाच्या खेळाला दिला, तर नटांचे कान तयार होतील, आणि संहिता विसरली तरी प्रसंग सावरता येईल.

सूत्रधार कोण, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. आयुष्यभर भोवतालची माणसं वाचून त्यांच्यासमोर गोष्ट उभी करणारे गोंधळी, भारुडकार, फडातले जुने सोंगाडे अजून आहेत. कुठं थांबायचं, कुणाला बोलतं करायचं, भरकटलेली कथा एका वाक्यात कशी परत आणायची, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. त्यांना मानानं बोलवावं, योग्य मानधन द्यावं, मधल्या खुर्चीवर बसवावं आणि टेबलाभोवती कॉलेजची पोरं-पोरी बसवाव्यात. नवरात्राच्या एका रात्री हे करून बघावं, असं माझं रेणापूरच्या नाट्यवेड्यांना मनापासून आवाहन आहे.